मानमोडी आणि तीन दिवसांचा ताप

बाबा डॉक्टर नव्हते. नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात एका सिंधी डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे ते कंपाउंडर होते. लाकडी खिडकीच्या मागे उभं राहून ते मिक्श्चरच्या बाटल्या भरत, बाटलीवर डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवत, गोळ्यांच्या पुड्या बांधत. डॉक्टर स्वभावाने चांगले, पण त्यांचं बोलणं भरभर, आणि तेही हिंदीत अर्धं सिंधी मिसळून. रोगी मान डोलावून बाहेर येत आणि खिडकीशी येऊन बाबांना विचारत, "काय म्हणे जी डाक्टर?" मग बाबा आपल्या संथ आवाजात सांगत, काय झालं आहे, किती दिवस चालेल, काय खायचं, काय नाही. रोग कोणता हे डॉक्टर ठरवत असले, तरी त्या रोगाचं पुढे काय होणार हे कंपाउंडरबाबूंकडून ऐकल्याशिवाय शेजारच्या आमच्या इंदोरा वस्तीतल्या लोकांचं समाधान होत नसे. संध्याकाळी बाबा सायकलवरून घरी येत, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत त्यांना तीन-चार ठिकाणी तरी पाय टेकवावा लागे. त्यांच्या सदऱ्याला औषधांचा कडू आणि किंचित गोड असा वास यायचा. अजूनही कुठल्या जुन्या दवाखान्यात शिरले की तो वास येतो आणि मी उगाचच मागे वळून पाहते.

आमचं घर म्हणजे एक मोठी खोली, मागे चूल, पुढे छपरी. छपरी मायची. तिथे सकाळची कामं आटोपली की माय आणि शेजारची कौसल्यामावशी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसत. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, कैचीचा कच्‌कच् आवाज, जरद्याचा नाकात बसणारा खकाणा, आणि या दोघींचं न संपणारं बोलणं. कौसल्यामावशीचा नवरा फार आधी गेलेला. घरात ती आणि तिची मुलगी तारा, दोघीच. तारा आणि मी एकाच शाळेत, एकाच बाकावर, मॅट्रिकच्या वर्गात. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी तेव्हाही मानत होते. हात बिडी वळत असायचे आणि तोंडाने ती भूमितीचं प्रमेय म्हणत असायची, आणि दोन्हींत चूक नसायची. जेवणं म्हणजे ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, हिवाळ्यात वांग्याचं भरीत, आणि एका घरातली भाजी वाटीने दुसऱ्या घरात जायची ती जायचीच. माय-बाबांना मी एकटी आणि कौसल्यामावशीला तारा एकटी, त्यामुळे आम्ही दोघी कोणत्या घरात जेवलो याचा हिशेब कोणी ठेवत नसे.

त्या वर्षी, म्हणजे अडुसष्ट साली, दिवाळी झाली आणि थंडी पडायला लागली, तेव्हा चौकातल्या हॉटेलच्या रेडिओवर हाँगकाँगच्या तापाची बातमी आली. हा ताप जगभर फिरतो आहे, मुंबई-कलकत्त्याला पोचला आहे, असं वर्तमानपत्रातही आलं. वस्तीत त्याचं नाव 'हांका ताप' पडलं. कोणी म्हणे विमानातून येतो, कोणी म्हणे चीनने सोडला आहे. थोड्याच दिवसांत दवाखान्यात अंग मोडून आलेली, डोळे लाल झालेली माणसं दिसू लागली आणि बाबांचा सायकलवरचा पाय तीन-चारच्या ऐवजी दहा ठिकाणी टेकू लागला. "कसा आहे जी हा ताप? माणूस जाते का?" असं जो तो विचारी. बाबा हसून सांगत, "तीन दिवस ताप, पाच दिवस कमजोरी. घाबराचं काम नाही." हे ते मनचं सांगत नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी, ते दवाखान्यात नवे असताना, असाच एक ताप येऊन गेला होता. तेव्हा त्यांनी रांगाच्या रांगा पाहिल्या होत्या आणि त्या रांगांतली माणसं आठवड्याने हसत बाजारात फिरताना पाहिली होती. त्यांना तोच ताप आठवत होता. डॉक्टरही तसंच म्हणत. वस्तीला हायसं वाटत होतं, आणि मला तर बाबांचा अभिमानच वाटत होता.

अशात एका दुपारी खाप्याहून आबाजी आले. आबाजी म्हणजे मायचे वडील. कन्हानच्या काठी खाप्याला त्यांचं घर होतं. जन्म मागावर गेलेला, जाडंभरडं कापड विणण्यात. सडसडीत बांधा, पाठीत वाकलेले, आणि बोलणं इतकं कमी की खाप्याला गेल्यावर मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या मागाचा आवाजच ओळखीचा वाटे. माय त्यांना 'बुवा' म्हणे. बोलावल्याशिवाय ते कधी येत नसत. त्या दिवशी आले ते काखेत एक भलं मोठं गाठोडं घेऊन. छपरीत टेकले, पाणी प्याले आणि मायला म्हणाले, "हे आत ठेव. माळ्यावर."

मायने गाठोडं सोडलं. आत पांढऱ्या कोऱ्या कापडाचं अख्खं थान होतं.

"बुवा, एवढं पांढरं कापड कायले जी?"

"ठेव म्हटलं ना. मानमोडी आली आहे. मागच्या मानमोडीत माह्या मायले कापड भेटलं नव्हतं. विणणाऱ्याच्या घरची बाई, अन् तशीच गेली."

मानमोडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. आबाजी दहा-अकरा वर्षांचे असताना तो ताप आला होता. माणसाने मान टाकली की ती पुन्हा वर होत नसे, म्हणून मानमोडी. खाप्यात बैलगाड्यांतून माणसं कन्हानकडे नेत होते, जाळायला लाकूड नव्हतं, झाकायला कापड नव्हतं. आबाजींच्या घरातले त्यांची आई आणि दोन भाऊ गेले. वडील वाचले, हे वाचले. एवढं सगळं त्यांनी चार-पाच वाक्यांत सांगितलं.

मायचा चेहरा उतरला, मग ती चिडली. "भरल्या घरात कफन आणून ठेवता जी तुम्ही? माही पोरगी आहे ना घरात!" तोवर बाबा आले. त्यांनी थान पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांशी वाद घालायची आमच्याकडे रीत नव्हती. ते इतकंच म्हणाले, "मामाजी, हा तो ताप नाही. हा साधा आहे. मी रोज पाहून राहिलो."

"तुम्ही पाहिला तो ताप वेगळा, जावईबुवा," आबाजी म्हणाले. "मी पाहिला तो वेगळा. आता हा कोणता, ते ना तुम्हाले माहीत, ना मले."

आज या वाक्याचा विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवसांत आमच्या वस्तीत बोलल्या गेलेल्या सगळ्या वाक्यांत खरं तेवढंच होतं. पण तेव्हा ते कोणी ऐकलं नाही. मीही नाही. थान माळ्यावर गेलं. मायने मला बजावलं, "कोणाले सांगजो नको वं." आणि आबाजी परत जायचं नाव न घेता छपरीत घोंगडी टाकून राहिले.

ताराला दुसऱ्याच दिवशी ताप भरला. मी दवाखान्यातून तिच्यासाठी मिक्श्चर आणून दिलं, उशाशी बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरला होता. ती भिंतीला टेकून बसली होती आणि माझी थट्टा करत होती, की तुझे बाबा ज्योतिषी आहेत, तीन दिवस म्हटलं तर तीनच. मला बोलायला काही तरी हवं होतं. आबाजींचं ते मानमोडीचं बोलणं माझ्या मनातून जात नव्हतं आणि तारापासून मी आजवर काही लपवलं नव्हतं. मी म्हटलं, "कोणाले सांगू नको हं. आमच्या माळ्यावर कफनाचं कापड आहे."

तारा हसली नाही. "काहून?"

मी सांगितलं. पण जसं घडलं तसं सांगितलं नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. आबाजींनी आणलं, एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण ती डोळे मोठे करून ऐकते आहे हे पाहून मला चेव आला आणि मी म्हणाले, "बाबाले माहीत आहे सगळं. लोकाले सांगून नाही राहिले, बस." सोळा वर्षांच्या मुलीला आपल्या घरात काही तरी गुपित आहे याची जी ऐट वाटते, तेवढ्यापायी मी ते बोलले. दुसरं कारण नव्हतं.

तारा एक अक्षर बाहेर बोलली नसती. पण मागे चुलीशी कौसल्यामावशी होती.

संध्याकाळी बाबांची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा तिथे पंधरा-वीस माणसं उभी होती. रोजच्यासारखं "कसा आहे जी ताप" असं कोणी विचारलं नाही. एका म्हाताऱ्याने हँडल धरलं. "कंपाउंडरबाबू, आमाले सांगता घाबराचं काम नाही, अन् तुमच्या घरी थान येऊन पडलं. आम्ही का जनावरं हावो?" बाबांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांनी सगळं सांगायचा प्रयत्न केला, सासऱ्यांचा भाबडेपणा आहे म्हणाले, पण जितकं सांगावं तितका लोकांचा संशय पक्का होत गेला. ज्या आवाजावर वस्ती इतकी वर्षं विसंबली होती, त्या आवाजावर त्या संध्याकाळी कोणाचा विश्वास उरला नाही. माय सगळ्यांना सांगत सुटली की ते कापड कुसुमच्या लग्नासाठी आहे, आपल्या बौद्धांत लग्नाला पांढरंच लागते ना. कुसुम म्हणजे मी. पण माझं लग्न कुठेच ठरलं नव्हतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना काही झालं नव्हतं तेही येऊन बसले होते. गल्लीतल्या कितीतरी घरांना कुलपं लागली, लोक आपापल्या खेड्यांकडे निघाले. शाळा अर्धी झाली. आणि मी नळावर गेले तेव्हा कळलं, की कौसल्यामावशी अंधुक उजाडताच पहिल्या एसटीने ताराला घेऊन नरखेडकडे गेली. तिकडे एका खेड्यात तिचा भाऊ संत्र्याच्या बागेत कामाला होता. बंद दाराशी मी घागर कमरेवर घेऊन उभी राहिले. थंडी अशी होती की घागरीचं पितळ हाताला लागत होतं.

पाच दिवसांनी ताराचा मामा दवाखान्यात आला. बाजारात संत्र्यांच्या पेट्या घेऊन येणाऱ्या ट्रकवर बसून तो आला होता. बाबा त्याला घेऊन तडक घरी आले. तो छपरीतही चढला नाही, अंगणातच उभा राहून बोलला. तारा धड श्वास घेत नव्हती, छातीत दुखतं म्हणत होती, आणि काल रात्रीपासून बहिणीलाही ताप भरला होता. गावाने त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. नागपूरचा ताप गावात नको म्हणून दोघी बागेतल्या पेट्या ठेवायच्या खोलीत होत्या. "आता बागमालकाच्या गड्याले सांगून आलो, लक्ष ठेव म्हणून," तो म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.

मी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होते. बाबा पिशवी भरायला आत आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "बाबा, ताराले मीच सांगितलं होतं. तुम्हाले सगळं माहीत आहे अन् तुम्ही लपवून राहिले, असंही मीच म्हटलं."

बाबांनी मला कधी मारलं नव्हतं. त्या क्षणी मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाले, "चप्पल घाल. सोबत चाल."

डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या बाटल्या आणि सुया बांधून दिल्या. "जाओ. लेकिन पहले टेस्ट करके लगाना," एवढंच म्हणाले. दवाखान्यात इतकी गर्दी असताना त्यांनी आपला एकुलता एक कंपाउंडर सोडला, हे मी विसरलेले नाही. आम्ही निघालो तर आबाजी आधीच काठी घेऊन रस्त्यावर उभे. माय म्हणाली, "बुवा, तुम्ही कुठं जाता जी या वयात?" ते एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. एसटीत ते खिडकीशी बसले. माझ्या मनात आलं, आबाजींनी थान सोबत का नाही आणलं, आणि तसं मनात आलं म्हणून माझी मलाच किळस वाटली.

फाट्यावर उतरून आम्ही मामाच्या मागे चालत निघालो. दोन्हीकडे बागा, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात पिकणारी, संत्री झाडांवर लगडलेली, दुपारचं कोवळं ऊन. असं सुरेख गाव मी पाहिलं नव्हतं. विहिरीवरची मोटर चालू होती आणि पाटातून स्वच्छ पाणी खळखळत झाडांच्या आळ्यांकडे चाललं होतं. एक गडी लांबवर पाणी वळवत होता. आम्हाला पाहून तो फावडं टाकून उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "मी तिकडं नाही गेलो बाप्पा. घरी लेकरं आहेत माह्या."

पेट्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत गवताचा आणि संत्र्यांच्या सालींचा वास होता. एका बाजूला कौसल्यामावशी जमिनीवर पडलेली, तापाने फणफणलेली. दुसऱ्या बाजूला गवतावर तारा. तिचे ओठ फुटले होते, नाकपुड्या हलत होत्या आणि प्रत्येक श्वासाबरोबर बारीक कण्हणं बाहेर पडत होतं. तिने डोळे उघडून आमच्याकडे पाहिलं, पण ओळखलं की नाही कोण जाणे. "पाणी," ती म्हणाली. दाराजवळ मडकं होतं. ते पालथं पडलेलं होतं. कौसल्यामावशी त्याच्यापर्यंत सरकत आली असावी आणि तिच्याच हाताने ते कलंडलं असावं. बाहेर पंधरा पावलांवर पाट वाहत होता, त्याचा आवाज आत स्पष्ट ऐकू येत होता.

बाबा सुई उकळायच्या तयारीला लागले. मी नुसतीच उभी होते. आबाजींनी मडकं उचललं, बाहेर गेले, पाटातून भरून आणलं. ताराचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक भिजवून आधी तिचे ओठ ओले केले, मग थेंब थेंब करून पाणी पाजलं. ज्या तापाच्या नावानेच ते खाप्याहून धावत आले होते, त्या तापाच्या तोंडाशी तोंड नेऊन ते बसले होते. मग कौसल्यामावशीला पाजलं.

मामाने बाहेर तीन दगडांची चूल पेटवली. तिच्यावर सुई उकळून बाबांनी आधी टेस्ट घेतली, मग ताराला सुई दिली. कौसल्यामावशी थोडी शुद्धीवर आली तेव्हा बाबांचे हात धरून म्हणाली, "भाऊ, तिचा ताप उतरला होता जी. तिसरा दिवस झाला होता ना, तुम्हीच तं म्हणत होते, तीन दिवस. म्हणून मले वाटलं, आता न्यायले हरकत नाही." ती बाबांना दोष देत नव्हती. ती आपली बाजू सांगत होती. पण बाबा उठून बाहेर गेले आणि विहिरीच्या कठड्याशी पाठ करून उभे राहिले. कौसल्यामावशीला मी पळवलं होतं माझ्या बोलण्याने, आणि बाबांनी निर्धास्त केलं होतं आपल्या बोलण्याने. त्या पहाटेच्या थंडगार एसटीत ताराला आम्ही दोघांनी मिळून बसवलं होतं.

आबाजी त्यांच्यामागे गेले. मी दारात होते, म्हणून मला ऐकू आलं.

"जावईबुवा, माही माय तापानं नाही गेली. आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही. आम्ही सारेच पडलो होतो. घडा दाराशी होता, चार हातावर. माय म्हणे, पाणी दे बाप्पा. माह्याच्यानं उठणं झालं नाही. ती दुपारपर्यंत मागत राहिली. मंग थांबली." त्यांनी दुपट्ट्याचं ओलं टोक पिळलं. "शेजारच्या घरात पाणी देणारं एक माणूस उभं असतं, तं ती राहिली असती. ताप काही एवढा मोठा नसते. घरचे सारेच पडले की मोठा होते."

बाबांनी वळून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जावयाने सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलेला मी तो एकदाच पाहिला.

आम्ही तिथे सहा दिवस राहिलो. बाबा रोज सुई देत. मी पेज शिजवी, दोघींचं अंग पुशी. दुसऱ्या दिवशी गावातली एक बाई बांधापर्यंत आली आणि दुधाचा गडवा ठेवून निघून गेली. तिसऱ्या दिवशी ती बांध ओलांडून आली. चौथ्या दिवशी आत येऊन तिने कौसल्यामावशीचे केस विंचरले. त्या गावाला कोणी निर्दयी म्हणू नये. भीती वाटली होती आणि एक माणूस आत बसलेलं दिसल्यावर ती थोडी कमी झाली, इतकंच. चौथ्याच दिवशी ताराला घाम सुटला आणि कण्हणं थांबलं. पाचव्या दिवशी ती बोलू लागली. मी तिला सगळं सांगितलं, मी वाढवून सांगितलं होतं तेही. तिने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. निघताना मी हाक मारली तरी ती वळली नाही.

घरी आलो तर मायने माळ्यावरचं थान काढून त्याच्या चिंध्या केल्या होत्या. वस्तीत घरोघरी ताप होता, कपाळावर ठेवायला पट्ट्या हव्या होत्या, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर फाडलं की त्या कापडाची भीतीही जाईल, असं तिला वाटलं. तसंच झालंही. आबाजींनी एक पट्टी उचलून निरखली आणि म्हणाले, "काठ सोडून फाडाचं होतं. सूत निघते असं." मग खाप्याला परत गेले.

महिनाभरात ताप ओसरला. पलीकडच्या गल्लीतली दोन म्हातारी माणसं गेली, बुद्धविहारामागची एक म्हातारी गेली. चौकात लोक म्हणू लागले, थोडक्यात निभावलं, गेले ते म्हातारेच होते. परवाच्या मोठ्या साथीत मी हेच वाक्य शेजारच्या गॅलरीतून पुन्हा ऐकलं. आता मी त्या म्हाताऱ्यांच्या वयाची आहे, त्यामुळे ते वाक्य मला जरा वेगळं ऐकू येतं. बाबांवरचा लोकांचा विश्वास हळूहळू परत आला, कारण शेवटी त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असं सगळे म्हणत. बाबा मात्र पुढे कधीच दिवस सांगत नसत. तापाचं माणूस खिडकीशी आलं की ते आधी विचारत, घरी कोण कोण आहे, आणि एकटंदुकटं असेल तर गल्लीतल्या कोणाला तरी बोलावून त्याच्या हवाली करत. डॉक्टर चिडून म्हणत, दवाई दो, बातें मत करो. बाबा ऐकत नसत.

तारा आणि कौसल्यामावशी होळीच्या सुमारास परत आल्या. ताराचे केस अर्धे गळाले होते, चार पावलं चालली की ती धापा टाकी. परीक्षेला बसायची ताकद तिच्यात नव्हती, आणि फॉर्मची तारीखही तिकडे बागेतच गेली होती. ती छपरीत मायजवळ बसून बिड्या वळी. मायशी बोलायची, बाबांशी बोलायची. मी आले की पानं कातरायला मान खाली घालायची. मी रोज तिच्यासमोरून परीक्षेला जात होते. बाकावर माझ्या शेजारी दुसऱ्या शाळेची कोणी मुलगी बसत होती, आणि भूमितीच्या पेपरला मला एक प्रमेय आठवेना, तेव्हा ते मला ताराच्या आवाजात आठवलं.

शेवटचा पेपर देऊन आले त्या दिवशी ऊन रणरणत होतं. तारा आपल्या दारात बसली होती. मी खाली पाहून पुढे निघाले.

"कसा गेला वं?"

इतक्या महिन्यांनी तिचा आवाज माझ्याशी बोलत होता. "बरा गेला," मी म्हटलं.

"तुही पुस्तकं कोणाले देऊ नको. पुढच्या साली मले लागतीन."

मी धावतच घरी गेले. सगळी पुस्तकं काढली, मायच्या जुन्या लुगड्यात बांधली, आणि ते ओझं तिच्या उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवलं. मग तशीच उभी राहिले. तिने गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत सरकून जागा केली.

"बाहेर काहून ठेवून राहिली?" ती म्हणाली. "आत आण ना."